कॉफी पिणारी म्हातारी, आणि चेहऱ्याचा चिखल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही सहा-सात वर्षं नोकरी सांभाळून तैलरंगात व्यक्तिचित्रं करता. स्लोव्हेन चित्रकर्ती इवाना कोबिल्त्साचं 'कोफेतारित्सा', म्हणजे कॉफी पिणारी म्हातारी, तुम्हाला मोबाइलवर दिसलं आणि डोक्यातून जाईना. दोनदा नक्कल केलीत, दोन्ही वेळा चेहऱ्याचा चिखल झाला. म्हणून विचारता, तिने कोणते रंग वापरले? आणि जोडीला दुसरी शंका: हीच बाई पुढे 'पोलेत्ये' ('उन्हाळा') सारखं उजेडाने भरलेलं चित्र काढते, मग तिची खरी शैली कोणती, आणि मी कोणती धरू?

रंगांची यादी मी देऊ शकते, शेवटाकडे थोडीफार देतेही. पण ट्यूब बदलून तुमचा चिखल जाणार नाही. तुम्हाला अडलंय ते उजेड आणि सावली यांच्या मधल्या जागेत. आणि दुसरा प्रश्नही खरं तर त्याच जागेचा आहे. म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्र देते, थोडं लांबेल.

आधीच सांगते, काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. तुमच्या घरात उत्तरेची खिडकी आहे की ट्यूबलाइटखाली काम करता, समोर माणूस बसू शकतो की फोटोवरच भागवावं लागतं, चित्र स्वतःसाठी करताय की ऑर्डरचं, यावर माझा सल्ला बदलेल. मी पुण्यात गेली अठ्ठावीस वर्षं ऑर्डरची व्यक्तिचित्रं करते आणि शनिवारी शिकवते, तेव्हा माझा कल कुठे असणार हे ओळखून वाचा.

कोबिल्त्सा कोण होती, ते जरा बघू. तिचं आयुष्य माहीत असेल तर नकलेबद्दलचा तुमचा गोंधळ निम्मा कमी होईल. जन्म 1861 चा, ल्युब्ल्यानात. आज ही स्लोव्हेनियाची राजधानी, तेव्हा हे गाव ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातलं. वडील छत्र्या बनवणारे कारागीर, आई पोद्ब्रेझ्ये नावाच्या खेड्यातली. घरी पैसा बऱ्यापैकी होता, मुलीला फ्रेंच, इटालियन आणि चित्रकला शिकवण्याइतका. सोळाव्या वर्षी ती वडिलांबरोबर व्हिएन्नाला गेली आणि जुन्या उस्तादांची चित्रं तिने पहिल्यांदा समोरासमोर पाहिली. पुढे 1879 मध्ये ती शिकायला व्हिएन्नाला परतली. शिकायला म्हणजे काय, तर तिथल्या अकादमीच्या चित्रसंग्रहात बसून नकला करायला. विद्यार्थिनी म्हणून अकादमीत जायची सोयच नव्हती. व्हिएन्ना आणि म्युनिक, दोन्ही अकादम्यांचे दरवाजे स्त्रियांना उघडले ते 1920 मध्ये. तोवर कोबिल्त्सा साठीला टेकली होती.

तर नक्कल करणं वाईट नाही, तिनेही तिथूनच सुरुवात केली. फरक एवढाच की ती मूळ चित्रासमोर बसत होती. मूळ चित्रात काळोख एकाच जातीचा नसतो. पातळ रंगातून कॅनव्हास श्वास घेत असतो, कुठे थर चढलेला असतो, ब्रश कुठून कुठे गेला ते कळतं. मोबाइलच्या पडद्यावर हा सगळा काळोख एका सपाट काळ्या-तपकिरी पट्ट्यात मिटतो. तुम्ही तो पट्टा इमानदारीने उतरवलात. चिखलाचा पहिला हप्ता तिथेच पडला.

मुलीकडे म्युनिकला गेले होते तेव्हा रेल्वेने ल्युब्ल्यानाला जाऊन आले. तिथल्या राष्ट्रीय कलादालनात 'कोफेतारित्सा' आहे. 1888 चं, 100 बाय 70 सेंटीमीटर. मला ते उगाच मोठं वाटलेलं होतं. प्रत्यक्षात ते आपल्या घरातल्या एखाद्या खिडकीच्या झडपेएवढं. समोर उभी राहिले आणि पहिल्या दहा मिनिटांत जाणवलं की ही म्हातारी तिच्या सुरकुत्यांमुळे जिवंत नाही. कॉफीचा घोट तिला आवडलाय. सगळं चित्र त्या एका सुखाभोवती मांडलेलं आहे: चेहरा, हात, कप. बाकीचं सगळं मागे सरून अंधारात बसलंय. चेहऱ्यावरच्या दर सेंटीमीटरला सारखं महत्त्व दिलं असतं तर ती वैद्यकीय पुस्तकातली आकृती झाली असती.

आता हा अंधार आला कुठून? म्युनिकमधून. 1880 नंतर ती तिकडे गेली आणि 1882 ते 1889 अशी सात वर्षं आलोइस एर्टेल्ट या व्यक्तिचित्रकाराकडे शिकली. अकादमी बंद, म्हणून मुली खासगी शिक्षकांकडे जात आणि फीही स्वतःच्याच खिशातून भरत. त्या काळच्या म्युनिकमध्ये वास्तववादाची एक ठरावीक चव होती. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांना, विशेषतः फ्रान्स हाल्सला, मानणारी. तपकिरी पार्श्वभूमी, एका बाजूने येणारा उजेड, ब्रशचे फटकारे न पुसणारी. विल्हेल्म लाइब्ल हा त्या वळणाचा मोठा माणूस. तिच्याच पिढीचे स्लोव्हेन चित्रकारही या शहरात होते: तिच्याहून एक वर्षाने लहान आंतोन आझ्बे, तिच्याच वयाचा फेर्दो वेसेल. आझ्बेने 1891 मध्ये तिथे स्वतःची शाळा काढली आणि पुढे प्रसिद्ध रशियन चित्रकार कांदिन्स्कीसुद्धा तिथे शिकला. डोकं म्हणजे आधी एक चेंडू, उजेड त्या चेंडूवर कसा पडतो ते पाहा, मग नाक-डोळे, असं आझ्बे शिकवायचा. कोबिल्त्सा त्याची विद्यार्थिनी नव्हती, तिचं म्युनिकमधलं शिक्षण तोवर झालं होतं. पण हा चेंडू डोक्यात ठेवा, आत्ता उपयोगी पडेल.

कारण तुमच्या चिखलाचा दुसरा आणि मोठा हप्ता इथे आहे. चेंडूवर उजेड पडला की एक उजळ भाग होतो आणि एक सावलीचा. दोन्हींच्या मध्ये एक वळणाची पट्टी असते, तिला आम्ही स्टुडिओत हाफटोन म्हणतो. नवशिके उजेड बरा रंगवतात, सावलीही बरी रंगवतात, आणि मधल्या पट्टीत उजेडाचा रंग आणि सावलीचा रंग ब्रशने एकमेकांत घोळतात. पांढऱ्यात तपकिरी घोळली की काय होणार? ओल्या सिमेंटसारखी राखाडी. गालावर ती आली की माणूस आजारी दिसतो. मग तुम्ही घाबरून तिच्यात लाल घालता, मग लाल फार झालं म्हणून थोडं पांढरं, आणि अर्ध्या तासाने चेहऱ्यावर ट्रॅफिकचा धूर.

म्युनिक वळणाच्या चित्रात हा हाफटोन घोळलेला नसतो, वेगळा मिसळून ठेवलेला असतो. उंच, उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड थंड. त्यामुळे उजेडातली कातडी किंचित थंडीकडे झुकते, सावली उबदार आणि पातळ राहते, आणि मधली पट्टी त्या दोघांहून वेगळी, हलक्या हिरवट-राखाडीकडे जाणारी असते. ती पॅलेटवर आधी तयार करायची, तपासायची आणि एका फटक्यात जागेवर ठेवायची. पुसायची नाही. सावलीत पांढरा रंग शक्यतो नकोच. उजेडात जाड, सावलीत पातळ. हे नियम कोबिल्त्साचे स्वतःचे नव्हेत, त्या सगळ्या परंपरेचे आहेत. तिने ते इतके मुरवले होते की 'कोफेतारित्सा' पाहताना ते आठवतही नाहीत.

माझ्या एका फसलेल्या कामाची गोष्ट सांगते. एका कुटुंबाने वारलेल्या आजींचं चित्र करायला दिलं, सोबत एकच फोटो, तोही समोरून फ्लॅश मारलेला. फ्लॅशने हाफटोन संपूर्ण खाऊन टाकलेला. मी महिनाभर राबले. नाकातली चमकी, साडीचा काठ, कपाळावरचा तीळ, सगळं जिथल्या तिथे. आजींच्या मुलाने चित्र पाहिलं आणि म्हणाला, "ताई, सगळं बरोबर आहे, पण आई अशी बघायची नाही." मला राग आला, आणि मग कळलं की तो बरोबर बोलतोय. शेवटी मी त्यांच्या धाकट्या मावशींना खिडकीशी बसवलं, दोन दुपारी नुसत्या त्यांच्या पापण्या आणि गालाचं वळण पाहिलं. दोघी बहिणींच्या पापण्या सारख्या पडत होत्या. मूळ कॅनव्हासवर चार इंचांचा भाग खरवडून पुन्हा केला. चित्र ते घेऊन गेले. फोटोवरून काम करू नका असं मी म्हणत नाही, पोटासाठी मी दर महिन्याला करते. पण ज्या फोटोत वळण नाही त्यात ते तुम्ही मनाने घालू शकत नाही. ते कुठल्या तरी जिवंत चेहऱ्यावर पाहावं लागतं.

आता 'पोलेत्ये'. ती तुमची दुसरी शंका.

1889 आणि 1890 या दोन वर्षांत तिने ते केलं, आईच्या गावी पोद्ब्रेझ्येला. मोठं चित्र, 180 बाय 140 सेंटीमीटर. तिची बहीण फानी आणि गावातली मुलं, हिरवळ, फुलं, सगळीकडून येणारा दिवसाचा उजेड. 'कोफेतारित्सा'नंतर अवघ्या एक-दोन वर्षांत. म्हणून वाटतं की तिने जुनी शैली टाकून नवी उचलली. मला तसं वाटत नाही. बाहेर गेल्यावर तिला एकाच बाजूने येणारा, अंधाराने कडा ठरवून दिलेला उजेड मिळेना, एवढंच. बाहेर आकाश वरून निळं पडतं, गवत खालून हिरवं परततं, चेहऱ्यावरची सावली तपकिरी न राहता निळसर-जांभळट होते आणि फारशी गडदही राहत नाही. आतल्या खोलीत उजळ ते गडद असा दहा पायऱ्यांचा जिना असेल, तर बाहेरच्या मोकळ्या सावलीत तुम्हाला तीन-चार पायऱ्यांतच सगळा चेहरा वळवायचा असतो. म्हणजे जवळजवळ सगळा चेहराच हाफटोन. जिने सात वर्षं हाफटोन वेगळा मिसळायला शिकण्यात घालवली, तिलाच हे जमणार होतं. म्युनिकमध्ये तेव्हा फ्रित्स फॉन ऊडेसारखे चित्रकार उजेडाकडे, मुलांकडे, साध्या घरगुती दृश्यांकडे वळले होते. ते वारं तिच्यापर्यंत आलेलंच होतं.

हे चित्र घेऊन ती पॅरिसला गेली. 1891 मध्ये शाँ द मार्सच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या वार्षिक चित्रप्रदर्शनात, 'पोलेत्ये' आणि इस्त्री करणाऱ्या बायकांचं 'लिकारित्से' ही दोन्ही चित्रं लागली. तिथल्या कलाकारांच्या राष्ट्रीय संस्थेने तिला सहयोगी सदस्य करून घेतलं. छत्रीवाल्याची मुलगी, वय एकोणतीस, अकादमीचं एकही प्रमाणपत्र नाही. पॅरिसमध्ये ती काही काळ आंरी जर्वेक्स या चित्रकाराच्या खासगी वर्गात होती, 1892 मध्ये बार्बिझों या चित्रकारांच्या खेड्यात जाऊन राहिली. त्याच वर्षीचं तिचं गवतातल्या मुलांचं चित्र पाहा, 'ओत्रोत्सी व त्रावी'. 'पोलेत्ये'हून मोकळं, ब्रश जास्त सैल.

इथून पुढचं माझं मत काही जणांना पटणार नाही. तिची सगळ्यात चांगली चित्रं 1886 ते 1892 या सहा-सात वर्षांत झाली. 'डच मुलगी' 1886 चं, 'कोफेतारित्सा' 1888 चं, बहीण फानीचं व्यक्तिचित्र 1889 चं, मग 'पोलेत्ये', 'लिकारित्से', 'ओत्रोत्सी व त्रावी'. नंतर 1897 ते 1905 ती बोस्नियातल्या सारायेव्होत राहिली. तिथे चर्चची कामं, व्यक्तिचित्रं आणि 'नादा' या मासिकासाठी रेखाटनं केली, स्थानिक चित्रकारांच्या मंडळाच्या स्थापनेतही ती होती. 1903 मध्ये ल्युब्ल्यानाच्या नगरपालिकेसाठी 'स्लोव्हेनिया ल्युब्ल्यानाला वंदन करते' असं भलंमोठं रूपकचित्र केलं. त्यात हात तयार आहे, पण मला ते चित्र गार वाटतं. रूपकाला कॉफी आवडत नाही. 1906 ते 1914 ती बर्लिनमध्ये होती, तिथे फुलांची चित्रं बरीच केली. महायुद्ध सुरू झालं त्या वर्षी ल्युब्ल्यानाला परतली आणि तिथेच 1926 मध्ये गेली. तोवर गावात रिहार्द याकोपिचसारख्या तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान दृक्-प्रत्ययवाद्यांचा (इम्प्रेशनिस्टांचा) जमाना होऊन गेला होता, आणि तिची चित्रं तरुणांना जुनी वाटू लागली होती.

तिच्यावर 'नंतर घसरली' असा शिक्का मारणं सोपं आहे. पण ती आयुष्यभर रंगांवर जगली. लग्न केलं नाही, नोकरी नाही. ज्या बाईला पुढच्या महिन्याचं भाडं चित्रातूनच काढायचंय, ती ऑर्डर नाकारत नाही. मी तरी नाकारत नाही. तुम्हाला पगार आहे, हे तुमचं मोठं भाग्य समजा: तुम्ही एकच चेहरा पाचदा करू शकता. पुढे स्लोव्हेनियाने स्वतःचं चलन काढलं तेव्हा 1993 च्या 5000 तोलारच्या नोटेवर तिचा चेहरा आला. त्या मालिकेत ती एकटीच स्त्री. 2007 मध्ये युरो आला आणि नोट गेली. ल्युब्ल्यानात मी ती एका जुन्या नाण्यांच्या दुकानात घेतली, आता माझ्या इझलला टाचलेली आहे. विद्यार्थी विचारतात, ही कोण आजी?

तर तुमच्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच होतं. खोलीतली म्हातारी आणि बागेतली बहीण या दोन शैली नव्हेत. नजर एकच, खिडकी बदललेली. त्यामुळे 'कोणती शैली धरू' हे आत्ता ठरवूच नका. खोलीतल्या उजेडापासून सुरू करा, कारण तिथे तो बसल्या जागी राहतो. बाहेर तो वीस मिनिटांत सरकतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तर दहानंतर सावल्याच करपून जातात. बाहेर जायचं तर श्रावणात जा, ढगांच्या आड उजेड मऊ असतो तेव्हा.

आता रंग, कबूल केल्याप्रमाणे. तिची नेमकी पॅलेट उतरवून काढायच्या मागे लागू नका. शिकण्यासाठी चार रंग पुरतात: पांढरा, येलो ऑकर, एक उबदार लाल (लाइट रेड चालेल) आणि आयव्हरी ब्लॅक. त्या काळ्यात ऑकर घातला की हिरवट येतो, पांढरा घातला की निळसर. हाफटोन तिथूनच निघतो. एक सावधगिरी: आपण वापरतो तो टायटॅनियम व्हाईट तिच्या तरुणपणी नव्हता, तेव्हा शिशाचा पांढरा चालायचा. टायटॅनियम फार झाकणारा आणि गार आहे. तो जसाच्या तसा घेतलात तर चेहरा खडूचा होईल, म्हणून ऑकरचा कणभर घालूनच पॅलेटवर मांडा. आणि तपकिरी खोली यावी म्हणून डांबरी रंगाच्या, बिट्युमेनच्या वाटेला जाऊ नका. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी चित्रांना त्याने मगरीच्या कातडीसारख्या भेगा पाडल्या आहेत. बर्न्ट अंबर पुरेसा आहे.

'कोफेतारित्सा'ची तिसरी नक्कल करायचीच असेल तर करा, पण मोबाइलवरून नको. मोठ्या पडद्यावर चांगलं छायाचित्र उघडा, ते कृष्णधवल करा, आणि वहीच्या पानाएवढ्या कागदावर फक्त पाच छटांत करा: दोन उजेडाच्या, एक मधली, दोन सावलीच्या. डोळे काढूच नका. या पाच छटांत म्हातारी हसली, तर रंगाकडे वळा. नाही हसली, तर रंग तिला हसवणार नाही.

आणि नकलेच्या जोडीला एक खरा माणूस हवाच. चित्रकार हळदणकरांची दिवा घेतलेली बाई पाहून आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी बहिणीला समईसमोर बसवलेलं असतं, मीही बसवलं होतं. त्याच हट्टाने या वेळी शेजारच्या एखाद्या काकूंना किंवा आजींना सकाळी नवाच्या सुमारास खिडकीशी बसवा. मागे गडद चादर टांगा, ट्यूबलाइट बंद. हातात चहाचा कप द्या आणि त्यांना गप्पा मारू द्या, गप्प बसवलंत की चेहरा उतरतो. चाळीस मिनिटांहून जास्त बसवू नका. कप पुन्हा पुन्हा भरावा लागेल, कारण गार चहाचा घोट घेताना चेहरा वेगळा होतो, आणि तुम्हाला गरम चहाचा हवाय. माझ्याकडे अशा बैठकीला साधारण तीन कप लागतात. पहिल्या कपाला मी ब्रशला हात लावत नाही, नुसती बघते.

काकूंच्या चित्रातला चेहरा पुन्हा मळला, तर आधी हे तपासा: मधली पट्टी वेगळी मिसळली होतीत, की पुन्हा कॅनव्हासवरच घोळलीत?